तीन वर्षांना एकच चाळण

शाल्मलीने घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले, तशी खडस माशाची पिल्लं लगेच जमा झाली आणि तिच्या अंगठ्यांना गुदगुल्या करू लागली. बोटाएवढी पिल्लं, पाठीवर सोनेरी झाक. चार इकडून, सहा तिकडून. मोजायला जावं तर हातातून निसटणाऱ्या मण्यांसारखी निसटायची.

आणि तिच्या शेजारीच, टिटवीच्या पडद्यावर, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘या वर्षी डोहात पिल्लं आढळली नाहीत.’

आता सांगा, कोणावर विश्वास ठेवायचा? स्वतःच्या अंगठ्यावर की यंत्राच्या पडद्यावर?

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे बरं का. टिटवी हा एक यंत्रमानव होता. दोन लांब काटकुळ्या पायांवर ती उथळ पाण्यात उभी राही, मान वाकवून कॅमेऱ्याची चोच पाण्यात बुडवी, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक माशाची लांबी मोजून आपल्याजवळ साठवून ठेवी. तिला घडवलं होतं शाल्मलीच्या कुमुदआत्याने. आत्या नदीतल्या जीवांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. गेली काही वर्षं ती आंबेकोंडलाच राहत होती, कारण आंबेकोंडच्या या देवडोहात खडस होते. खडस हा मोठ्या खवल्यांचा, गोड्या पाण्यातला देखणा मासा. इतर नद्यांमधून तो जवळजवळ दिसेनासा झालेला. पण देवडोहातल्या माशाला हात लावायचा नाही, असा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम होता. देवीला नैवेद्य दाखवला की मूठभर चुरमुरे डोहात पडत, आणि हातभर लांबीचे खडस पाण्याबाहेर तोंड काढून ते टिपत.

“टिटवे, खरं सांग,” शाल्मली म्हणाली, “ही माझ्या पायाशी आहेत ती कोण?”

“पिल्लं,” टिटवी म्हणाली.

“मग पडद्यावर ‘नाहीत’ असं का लिहिलंस?”

“आलेखात नाहीत म्हणून लिहिलं. मला जे विचारतात तेवढंच मी सांगते.”

“शहाणीच आहेस!” शाल्मली वैतागून म्हणाली आणि मागे वळली. “आत्या, तू तरी सांग ना हिला काहीतरी!”

कुमुदआत्या वरच्या पायरीवर तुळशीची माळ हातात घेऊन बसली होती. तिने नुसतं ओठांवर बोट ठेवलं. कार्तिक महिना होता, आणि कार्तिकात माध्यान्हीची घंटा होईपर्यंत आत्याचं मौन असे. हा नेम ती लहानपणापासून पाळत आली होती. परदेशात शिकायला होती तेव्हासुद्धा म्हणे तिने तो सोडला नव्हता. पण आज तिची माळ नेहमीसारखी सरत नव्हती, अडखळत होती. तशात आकाशातून घरघर ऐकू येऊ लागली.

हवाटाकी आली होती.

चार पंख्यांवर तरंगणारी, निळ्या पाण्याने भरलेली ती प्रचंड काचेची टाकी देवळामागच्या माळावर अलगद उतरली. तिच्यातून रणदिवेबाई खाली उतरल्या. नदीजीव रक्षण पथकाच्या त्या प्रमुख. उंच, घाईच्या, पण डोळ्यांनी प्रेमळ. आल्या आल्या त्यांनी देवीला हात जोडले, आणि मग आत्याला.

“ताई, मला हे काम आवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण पिल्लंच होत नसतील तर हा डोह आजारी आहे. आहेत ते मोठे मासे म्हातारे होऊन संपतील. त्याआधी त्यांना संवर्धन तलावात न्यायला हवं. माध्यान्हीची आरती झाली, लोकांची स्नानं आटोपली, की जाळं टाकू.”

आत्याने मान हलवली. होकार नव्हे, नकारही नव्हे.

“त्यांचं मौन आहे बाईसाहेब,” देवळाचे गुरव धाकूकाका पुढे येऊन म्हणाले. “पन मी बोलतो. देवीचे मासे टाकीत घालून उडवत न्यायचे? वाटेत निम्मे मेले तर?”

“काळजी घेऊ, काका. तरीही काही दगावतील,” रणदिवेबाई खरं तेच बोलल्या. “पण इथे ठेवून सगळेच गेले तर?”

शाल्मली ओले पाय तसेच घेऊन पायऱ्या चढून आली.

“बाई, पिल्लं आहेत! मी आत्ता पाहिली. माझ्या पायाला चावत होती!”

रणदिवेबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “बाळ, तू पाहिली असशील. पण दहा-बारा पिल्लं दिसणं वेगळं, आणि डोहाचा कारभार ठरवणं वेगळं. त्यासाठी मोजणी लागते. हे बघ.” त्यांनी खिशातून घडीचा पडदा काढून झटकला, तसा तो चटईएवढा उलगडला. त्यावर एकाशेजारी एक अशी तीन चित्रं होती. “टिटवीच्या तीन वर्षांच्या तीन फाइली. हा परवाच्या वर्षीचा आयतालेख, हा गेल्या वर्षीचा, आणि हा यंदाचा. पहिल्या दोन्हींत डावीकडे पट्ट्या आहेत. यंदा डावीकडे काहीच नाही.”

शाल्मलीने आत्याकडे पाहिलं. आत्याने माळ गोमुखीत ठेवली, टिटवीकडे बोट केलं, मग शाल्मलीकडे, आणि मग त्या पडद्याकडे. अर्थ स्पष्ट होता. तुम्ही दोघी बघा.

“टिटवे,” शाल्मलीने विचारलं, “आयतालेख म्हणजे काय? मला सोपं करून सांग.”

टिटवीला हे फार आवडे. तिने चोच पाण्यातून काढली, पायऱ्यांवर येऊन पाणी झटकलं. रणदिवेबाईंच्या साडीवर चार थेंब उडाले. “समज, तुमच्या घरी कैऱ्यांची पाटी आली. लहान-मोठ्या सगळ्या मिसळलेल्या. तू भिंतीशी कप्पे आखलेस. सुपारीएवढ्या पहिल्या कप्प्यात, लिंबाएवढ्या दुसऱ्या, मुठीएवढ्या तिसऱ्या. प्रत्येक कप्प्यात कैऱ्या एकावर एक रचल्यास. कुठला ढीग उंच, कुठला बुटका, हे लांबूनही कळेल की नाही?”

“कळेल.”

“तोच आयतालेख (मापं कप्प्यांत वाटून, प्रत्येक कप्प्यात किती नग पडले ते उभ्या पट्ट्यांनी दाखवणारं चित्र). इथे कैऱ्यांच्या जागी मासे. आडव्या रेघेवर लांबीचे कप्पे, उभ्या रेघेवर माशांची संख्या. या कडेच्या रेघांना अक्ष म्हणतात (मोजपट्टीसारख्या खुणा असलेल्या रेघा).”

शाल्मली तिन्ही चित्रांवर वाकली. डावीकडचा भाग सोडला तर तिन्हींतल्या पट्ट्या साधारण सारख्याच उंचीच्या वाटत होत्या. मग तिची नजर उभ्या अक्षाच्या आकड्यांवर गेली.

“अरेच्चा! इथे वरचा आकडा चारशे आहे, आणि यंदाच्यात शंभर! मग दोन्ही पट्ट्या एवढ्याच उंच कशा?”

“कारण सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र चौकटीभर ताणून बसवतं,” टिटवी म्हणाली. “त्याला वाटतं, चित्र छान मोठं दिसावं. बिचाऱ्याला शेजारच्या चित्राची खबर नसते.”

“मग तिन्हींना एकच मोजपट्टी लाव.”

टिटवीने लावली. आणि शाल्मलीने जीभ चावली. यंदाच्या सगळ्या पट्ट्या एकदम खाली बसल्या, दूध उतू जाता जाता आच बंद केल्यासारख्या.

“बघितलंस?” रणदिवेबाई हळू आवाजात म्हणाल्या. “मासेच निम्म्याहून कमी झालेत. मला वाटलं होतं त्यापेक्षाही वाईट आहे हे.”

धाकूकाकांनी कपाळाला हात लावला. “कशाला गं पोरी उकरलंस? आधीचं बरं होतं की!”

शाल्मलीचं तोंड एवढंसं झालं. पण चित्र चूक नव्हतं, हे तिलाही कळत होतं. दोन चित्रांची तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी, मग ती आपल्या बाजूने बोलो की विरुद्ध. ती टिटवीच्या काटकुळ्या पायाशी बसली आणि विचार करू लागली. यंदा कमी मासे दिसले. कमी मासे आहेत म्हणून? की…

“धाकूकाका, टिटवी यंदा रोज किती वेळ पाण्यात असते?”

“आता कार्तिकात सकाळी कशी असेल? काकडआरतीपासून बायामाणसांची स्नानं असतात. तिचा डोळा पाण्यात ठेवायचा का? मीच तिला उचलून वडाखाली ठेवतो रोज. दुपारनंतर सोडतो. आज तेवढी बाईसाहेब यायच्या म्हणून लवकर सोडली.”

“ठेवतात, आणि हळदकुंकूही लावतात,” टिटवी म्हणाली. “कालचं अजून माझ्या काचेवर आहे.”

“आणि आधीच्या दोन वर्षांत?”

“तेव्हा मोजणी मार्गशीर्षात होती,” धाकूकाका म्हणाले. “ दिवसभर उभी असायची ती.”

“यंदाचा अहवाल आम्हीच लवकर मागवला होता,” रणदिवेबाईंच्या लक्षात आलं. “म्हणून कार्तिकात मोजणी झाली. म्हणजे वेळच कमी मिळाला हिला.”

“मग कमी वेळात कमीच मासे दिसणार ना!” शाल्मली उठून उभी राहिली. “पण मग तुलना करायची कशी?”

टिटवीने मान तिरकी केली. “तुझ्या शाळेतलंच घे. पाचवीत वीस मुलं, त्यांतली दहा चष्मेवाली. आठवीत साठ मुलं, त्यांतली पंधरा चष्मेवाली. चष्मा जास्त कोणत्या वर्गात?”

“आठवीत पंधरा… नाही, थांब! पाचवीत निम्मी मुलं चष्मेवाली. आठवीत चौघांतला एक. म्हणजे पाचवीतच जास्त.”

“तू काय केलंस? नुसती संख्या न बघता, एकूणातला वाटा बघितलास. आलेखांचंही तसंच. प्रत्येक पट्टीला त्या फाइलीतल्या एकूण माशांनी भागायचं आणि शंभरात किती ते काढायचं. याला सामान्यीकरण म्हणतात (लहान-मोठ्या मोजण्यांना एकाच पायावर आणणं). त्याने डोहात एकूण मासे किती, ते कळणार नाही हं. पण लहान, मध्यम, मोठे यांची वाटणी कशी आहे ते कळेल. आणि बाईंचा प्रश्न वाटणीचाच आहे.”

“कर ना मग!”

पट्ट्या हलल्या. यंदाच्या पट्ट्या पुन्हा वर आल्या. या वेळी चौकट भरायची म्हणून नव्हे, हिशोबाने. उजवीकडची मोठ्या माशांची बाजू तिन्ही वर्षांत चांगलीच जुळत होती. पण डावीकडचा पहिला कप्पा यंदा तसाच रिकामा.

“मोठ्या माशांची वाटणी आहे तशी आहे,” रणदिवेबाई म्हणाल्या, “हे तू दाखवलंस, छान केलंस. पण पिल्लांचा प्रश्न राहिलाच, बाळ.” त्यांनी हळूच सूर्याकडे पाहिलं. घाटावर बायका शेवटचे दिवे सोडत होत्या. पानांचे द्रोण झेंडूच्या पाकळ्या घेऊन डोहावर डुलत होते.

शाल्मलीने आता रिकाम्या कप्प्याकडेच डोळे लावले. पहिल्या वर्षीचा आडवा अक्ष शून्यापासून सुरू होत होता. शून्य ते दहा सेंटीमीटर हा पहिला कप्पा, दहा ते वीस दुसरा. गेल्या वर्षीचाही तसाच. आणि यंदाचा? यंदाच्या अक्षावर शून्य नव्हतंच. तो दहापासूनच सुरू होत होता. चित्र शेजारीशेजारी मांडताना सॉफ्टवेअरने डावीकडे नुसती मोकळी जागा सोडली होती, आणि सगळ्यांनी ती जागा म्हणजे ‘पिल्लं नाहीत’ असं वाचलं होतं!

“टिटवे! दहा सेंटीमीटरपेक्षा लहान मासा दिसला तर यंदा तू काय करतेस?”

“मोजते.”

“आणि कुठल्या कप्प्यात टाकतेस?”

“कप्पाच नाही, तर टाकणार कुठे? बाजूच्या डब्यात टाकते. प्रत्येक आयतालेखाला असा एक डबा असतो (कप्प्यांच्या खालच्या सीमेपेक्षा लहान असलेली मापं त्यात जातात, चित्रात तो दिसत नाही).”

“आणि त्या डब्यात आत्ता काही आहे?”

“खच्चून भरलाय,” टिटवी शांतपणे म्हणाली. “मला कोणी विचारलंच नाही.”

धाकूकाकांनी टाळी वाजवली. रणदिवेबाईंच्या कपाळावर मात्र आठी पडली. “म्हणजे यंत्राने यंदा स्वतःच्या मनाने सीमा बदलली? मग हे यंत्रच बिघडलेलं आहे. हिच्या कुठल्याच फाइलीवर आता विश्वास ठेवता येणार नाही. ना यंदाच्या, ना आधीच्या. मला माफ करा, पण अशा वेळी नियम एकच सांगतो. शंका असेल तर मासे हलवा.”

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतकं जवळ येऊन! ती काही बोलणार, तोच मागून आवाज आला. मऊ, थोडा बसलेला, सकाळपासून न वापरलेला आवाज.

“यंत्र बिघडलेलं नाही. ती सीमा मी घातली.”

सगळे वळले. कुमुदआत्या उभी होती. घंटा व्हायला अजून अवकाश होता.

“आत्या, तुझं मौन!”

“गप्प राहून टिटवीवर आळ येऊ दिला, तर ते मौन कसलं गं?” आत्या म्हणाली, आणि रणदिवेबाईंकडे वळली. “कार्तिक लागला, लोक दीपदान करू लागले. झेंडूच्या पाकळ्या, वाती, द्रोणाचे तुकडे पाण्यावर आले. पहिल्याच दिवशी टिटवीने मला उत्साहाने सांगितलं, ‘डोहात नवे पिवळे मासे आलेत!’ खालून बघताना पाकळी तिला माशासारखीच दिसली. मला हसू आलं, आणि पाकळ्या मोजल्या जाऊ नयेत म्हणून मी खालची सीमा दहावर नेली. त्या दिवशी उपास होता, पूजेची गडबड होती. पाकळ्यांबरोबर पिल्लंही गाळली जातील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अहवालात तसं लिहायलाही विसरले. चूक माझी आहे.”

मग रणदिवेबाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही हे सांगितलंत म्हणून मी पुढे ऐकते. पण मूळ मोजण्या आहेत का अजून?”

“एकेक आहे,” टिटवी म्हणाली. “आलेख हे नुसतं चित्र. चित्र पुसलं तरी फाइल तशीच राहते. पुन्हा हवे तसे कप्पे आखता येतात.”

“मग शून्यापासून आख,” शाल्मली म्हणाली. “तिन्ही वर्षांना अगदी सारखे कप्पे.”

पडद्यावर पट्ट्या नव्याने उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांच्या तोंडून ‘अबब!’ निघालं. यंदाची पहिली पट्टी सरळ वर, जवळजवळ पडद्याच्या कडेपर्यंत गेली होती. परवाच्या वर्षापेक्षा कितीतरी उंच.

“इतकी पिल्लं!” रणदिवेबाई थक्क झाल्या. “हा तर सगळ्यात चांगला डोह ठरेल राज्यातला. मग मासे न्यायचा प्रश्नच…”

धाकूकाकांनी शाल्मलीकडे पाहून डोळे मिचकावले. झालं काम, आता गप्प बस, असं त्यांना म्हणायचं होतं. शाल्मलीच्याही मनात क्षणभर तेच आलं. बाईंनी स्वतःहून म्हटलं होतं. टाकी रिकामी जाईल, मासे राहतील. आणखी काय हवं? तिने आत्याकडे पाहिलं. आत्या काहीच खुणावत नव्हती. ती फक्त डोहाकडे बघत होती, जिथे झेंडूच्या पाकळ्या संथपणे खाली चालल्या होत्या.

“नाही बाई,” शाल्मली म्हणाली. “यात झेंडूसुद्धा आहे.”

“बोललीस!” धाकूकाका पुटपुटले.

रणदिवेबाईंनी तिच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. “मग झेंडू वेगळा कसा काढशील? पाकळ्यांचा पुंजका आणि पिल्लू, दोन्ही चार-पाच सेंटीमीटरची.”

हा प्रश्न खरा होता. रंगाने? पिल्लंही सोनेरीच. आकाराने? खालून पाहताना दोन्ही निमुळती. शाल्मली पुन्हा शेवटच्या पायरीवर जाऊन बसली आणि पाण्याकडे पाहत राहिली. एक पाकळी आली, डुलत डुलत पुढे गेली. दुसरी आली, तीही गेली. मग तिच्या अंगठ्यापाशी एक पिल्लू आलं. पाण्याने त्याला खाली ढकललं. पिल्लाने शेपटी मारली आणि पुन्हा वर आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा वर.

“आत्या!” ती जोराने ओरडली. “पाकळी कधी उलटी येते का?”

आत्याचा चेहरा उजळला. “नाही येत गं.”

“टिटवे, तू लांबी मोजतेस, तशी दिशाही साठवतेस का? कोण कुठून आलं, कुठे गेलं?”

“प्रत्येकाची.”

“मग जे एकदा तरी प्रवाहाविरुद्ध गेलं, तेवढंच ठेव. बाकीचं गाळ.”

“यंदाच्या फाइलीतून गाळू ना?” टिटवीने विचारलं.

शाल्मली ‘हो’ म्हणणार होती. पण ती थांबली. आत्ताच तर एका वर्षाला वेगळी सीमा लागली म्हणून सगळा गोंधळ झाला होता! “नाही. तिन्ही फाइलींतून. चाळण लावायची तर तिन्हींना एकच.”

“पण थांब,” रणदिवेबाईंना आता रंग चढला होता. त्या साडीचा पदर खोचून तिच्या शेजारी पायरीवरच बसल्या. “काही खरी पिल्लंही प्रवाहाबरोबरच गेली असतील. ती उगाच गाळली जातील.”

“जातील,” शाल्मली म्हणाली. “पण तिन्ही वर्षांची सारखीच जातील. पिल्लं नेमकी किती, ते आपल्याला नाही कळणार. पण यंदाची पिल्लं आधीपेक्षा कमी झाली का, ते कळेल.”

“आणि मोठे मासेही याच चाळणीतून जाऊ देत,” आत्याने मागून भर घातली. “कोणालाही सूट नाही.”

टिटवीने चाळण लावली, वाटे काढले, आणि या वेळी चित्रं शेजारीशेजारी न मांडता एकावर एक ठेवली. परवाचं वर्ष निळ्या रेघेत, गेलं हिरव्या, यंदाचं केशरी. तिन्हींचे कप्पे एकच, मोजपट्टी एकच, चाळण एकच. आता नजर इकडून तिकडे फिरवायची गरज नव्हती. जो फरक होता तो जागच्या जागी दिसत होता.

पहिल्या कप्प्यात, पिल्लांच्या, निळी रेघ शंभरात चाळीसपर्यंत गेली होती. हिरवी पंचवीसपर्यंत. आणि केशरी तेवीसला थांबली होती.

“गेल्या वर्षीपेक्षा दोनने कमी,” धाकूकाका काळजीने म्हणाले.

“मूठभर चिंचोके दोनदा उधळा, दोन्ही वेळा सारखेच उताणे पडतात का, काका?” आत्या हसली. “मोजणी थोडकी असली की एवढं डुलणं असतंच. दोनचा फरक म्हणजे फरक नव्हे. गेल्या वर्षीइतकीच पिल्लं यंदाही आहेत, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येईल.”

“पण परवाच्या वर्षी चाळीस होती,” रणदिवेबाई म्हणाल्या. “तिथून पंचवीस, तिथून तेवीस. हा उतार नाही का? ती चाळीस गेली कुठे? मेली?”

हा शेवटचा काटा होता, आणि तो बोचरा होता. शाल्मली पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. निळ्या रेघेचा उंचवटा पहिल्या कप्प्यात. हिरव्या रेघेलाही एक उंचवटा होता, पण तो दुसऱ्या कप्प्यात, दहा ते वीसमध्ये. आणि केशरी? केशरीचा उंचवटा तिसऱ्या कप्प्यात, वीस ते तीसमध्ये. एक, दोन, तीन. जणू कोणी पायऱ्या चढत चाललं होतं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “मेली नाहीत. वाढली! परवाच्या वर्षी खूप पिल्लं झाली. गेल्या वर्षी तीच पिल्लं मोठी होऊन दुसऱ्या कप्प्यात आली. यंदा तिसऱ्यात. आमचा वर्ग पाचवीतून सहावीत जातो ना, तशी. हे तेच मासे आहेत!”

रणदिवेबाईंनी तिच्या बोटामागून बोट फिरवलं. निळं, हिरवं, केशरी. मग त्यांनी पुन्हा एकदा फिरवलं. डोह आजारी असता, तर पिल्लं जन्मली तरी जगली नसती. उंचवटा पहिल्याच कप्प्यात विरून गेला असता. इथे तर एक अख्खी पिढी त्यांच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी होत होती.

“तीन वर्षं हे आलेख माझ्याकडे येताहेत,” अखेर त्या म्हणाल्या. “दरवेळी एकेक उघडला, बघितला, मिटला. एकावर एक ठेवायचं कधी सुचलंच नाही.” त्या उठल्या, मनगटाशी असलेल्या यंत्रात बोलल्या. “जाळं नको. टाकी रिकामीच परत न्या.”

धाकूकाकांनी देवळाच्या दिशेने हात जोडले ते खाली घ्यायलाच तयार होईनात. शाल्मलीने टिटवीच्या लांब मानेला मिठी मारली.

“सांभाळून,” टिटवी म्हणाली. “काचेवरचं हळदकुंकू तुझ्या नाकाला लागलं.”

रणदिवेबाई हसल्या, पण लगेच पुन्हा कामाच्या झाल्या. “ताई, माझ्याकडे सह्याद्रीतल्या कितीतरी नद्यांच्या फाइली आहेत. कोणी पाच सेंटीमीटरचे कप्पे आखलेत, कोणी पंधराचे. कोणी फुलं गाळली, कोणी गाळली नाहीत, कोणी विचारही केला नसेल. त्या सगळ्यांना एक चाळण ठरवून द्याल? आणि ती मोजणीच्या आधी ठरवायची, चित्र बघितल्यावर नव्हे.”

“देऊ,” आत्या म्हणाली. “आणि काय गाळलं ते प्रत्येकाने अहवालाच्या वर लिहायचं. सगळ्यांत आधी मी लिहीन.”

“या मुलीला मदतीला घ्या.”

“ती येणार, हे तिनेच केव्हाच ठरवलंय.”

हवाटाकीचे पंखे फिरू लागले. निळं पाणी तिच्यात हिंदकळलं, एकही मासा नसलेलं, स्वच्छ. ती माळावरून उठली, देवळाच्या कळसाला वळसा घालून डोंगरापलीकडे गेली. आत्या पुन्हा वरच्या पायरीवर जाऊन बसली.

“आत्या, तुझं आजचं व्रत मोडलं ना? देवी रागावेल?”

“देवी कशाला रागावेल? तिचेच तर मासे,” आत्या म्हणाली. “उद्या पहाटे पुन्हा धरीन.”

शाल्मली पडद्यापाशीच बसून राहिली. नद्यांची नावं तिच्या डोक्यात गर्दी करत होती. त्या सगळ्या नद्यांत असेच उंचवटे असतील का? कुठे पायऱ्या चढणारे, कुठे मध्येच विरणारे? जिथे विरत असतील, तिथे काय दुखतंय ते शोधता येईल. निदान दुखणं कुठे आहे ते तरी दिसेल.

“टिटवे, पुढच्या वर्षीची रेघ कुठल्या रंगाची काढशील?”

“तू सांगशील त्या.”

“जांभळी काढ.” शाल्मलीने पडद्यावर चौथ्या कप्प्यात बोट टेकवलं. तीस ते चाळीसच्या मध्ये, जिथे केशरी रेघेचा अजून नुसता सखल भाग होता. “आणि उंचवटा इथे असेल.”

“आत्तापासून लिहून ठेवू?”

“ठेव,” शाल्मली म्हणाली. “चुकला तर चुकला असंही लिहू.”

खाली पाण्यात वीतभर लांबीचे खडस एका रांगेत प्रवाहाकडे तोंड करून उभे होते, शेपट्या हलवत, जागच्या जागी.